उजेड आणि मनाची उदासी

‘‘डॉक्टर, उन्हात बसल्याने मनाची उदासी जाते का? मग गोळ्या बंद करू का?’’ हा प्रश्न मला रुग्ण वरचेवर विचारतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘काही अंशी होय’ आणि दुसऱ्याचे ‘मुळीच नाही’ असे आहे.

डोळे केवळ पाहण्यासाठी नसतात. डोळ्याच्या पडद्यावर मेलॅनोप्सिन हे द्रव्य असलेल्या काही मोजक्या पेशी असतात. बाहेर उजेड किती आहे हे मेंदूला कळविणे, हे त्यांचे मुख्य काम. २००२ साली त्यांची ओळख पटली.

यांचा निरोप मेंदूत निरनिराळ्या वाटांनी जातो. एक वाट मेंदूतील घड्याळाकडे जाते. झोप, जाग आणि रात्री स्रवणारे मेलाटोनिन यांच्या वेळा हे घड्याळ सांभाळते. दुसरी वाट हबेन्युला या भागाशेजारील केंद्रातून भावनांशी निगडित भागांकडे जाते. अवेळी उजेड दिल्यास उंदरांत नैराश्यासारखी लक्षणे दिसतात. ही दुसरी वाट रोखल्यावर ती टळली, असे २०१८ च्या प्रयोगांत आढळले.

थंड देशांत हिवाळ्यात दिवस लहान होतात आणि काहींना दरवर्षी नैराश्य येते. अमेरिकेतील डॉ. नॉर्मन रोझेन्थाल व सहकाऱ्यांनी १९८४ साली या विकाराचे वर्णन केले. त्यावर रोज सकाळी अर्धा तास १०,००० लक्स प्रकाशाचा उपचार करतात. आपल्याकडे ऊन भरपूर. पण दिवसभर दुकानात, कचेरीत वा स्वयंपाकघरात असणाऱ्यांच्या वाट्याला ते येत नाही. घरातील उजेड बहुधा ५०० लक्सच्या आतच असतो. ढगाळ दिवशीही बाहेर तो कित्येक हजार लक्स असतो.

म्हणून उठल्यावर अर्धा तास अंगणात बसावे किंवा फिरून यावे. सूर्याकडे टक लावून पाहू नये. रात्री झोपण्यापूर्वी प्रखर दिवे व मोबाईल टाळावेत. डोळ्यांचा विकार असणाऱ्यांनी, तसेच कधी उदासी तर कधी अतिउत्साह असा आजार असणाऱ्यांनी प्रकाशोपचार डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

उजेड हा उपचाराचा जोडीदार आहे, पर्याय नव्हे. गोळ्या मनाने बंद करू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप वा भूक गेली असेल, तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटू लागला, तर मात्र एक दिवसही थांबू नका, घरच्यांना सांगा. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.