कारा समुद्राचा बर्फ आणि यवतमाळचा सप्टेंबर

ध्रुवाकडचा समुद्री बर्फ वितळला की समुद्राची पातळी वाढते, असं आपण सर्रास ऐकतो. ते जवळजवळ चूक आहे. तरंगता बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. पातळी वाढवतो तो ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ. समुद्री बर्फ बिघडला की आधी बिघडतं ते त्याच्या काठावर राहणाऱ्यांचं.

दुसरा समज: कडाक्याची थंडी आहे म्हणजे बर्फ पक्का. समुद्राचं खारं पाणी गोठतं साधारण उणे १.८ अंशांना, पण हवा उणे वीस असली तरी पायाखालचा थर पातळ असू शकतो. वर भुसभुशीत हिमाची गोधडी पडली की थंडी आत पोचत नाही आणि खालून प्रवाह बर्फ खात राहतो. कॅनडातल्या इन्युइट लोकांसाठी हा बर्फ म्हणजे हिवाळ्यातला रस्ता. शिकार, सरपण, शेजारच्या गावचे नातेवाईक, सगळं त्यावरून. आता तो उशिरा धरतो आणि लवकर फुटतो, त्यामुळे रंगावरून आणि आवाजावरून बर्फ ओळखणाऱ्या जाणत्या शिकाऱ्यांचाही अंदाज चुकतो. त्यांना अडाणी ठरवू नये. ज्या नाल्यातून पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडी नेली, त्याचंच पात्र बदललं तर गाडीवान काय करणार? तिथे स्मार्टआईस नावाचा उपक्रम आहे. स्नोमोबाइलमागे ओढायच्या घसरगाडीवर यंत्र बसवून गावातलीच माणसं बर्फाची जाडी मोजतात आणि कुठून जावं, कुठून नको हे इतरांना कळवतात.

बर्फ कमी झाला म्हणजे जहाजांना रान मोकळं, हाही समज पक्का आहे. २०१७ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर आर्क्टिकमधला जाडजूड, अनेक वर्षांचा बर्फ सुटून थेट न्यूफाउंडलँडच्या किनाऱ्यापर्यंत वाहत आला. मासेमारीच्या बोटी अडकल्या. हवामानबदलाच्या अभ्यासाला निघालेलं ‘अमुंडसेन’ जहाज त्यांच्या मदतीला वळवावं लागलं आणि त्या मोहिमेचा पहिला टप्पाच रद्द झाला. थोडा पण सुटा बर्फ जास्त दगा देतो, तो असा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांचीही सुटका नाही. अलास्कातल्या शिश्मारेफ गावापुढे शरद ऋतूत बर्फ धरायचा आणि वादळी लाटा बाहेरच अडायच्या. आता तो उशिरा येतो, लाटा जमीन खातात. २०१६ साली गावाने स्थलांतराच्या बाजूने मत दिलं. २०१९च्या फेब्रुवारीत रशियाच्या नोवाया झेमल्या बेटांवर पन्नासेक पांढरी अस्वलं बेलुश्या गुबा वस्तीच्या आसपास आली आणि आणीबाणी जाहीर करावी लागली.

या बेटांच्या पूर्वेला आहे कारा समुद्र. आणि ‘आपल्याला काय त्याचं?’ या शेवटच्या, सर्वांत आवडत्या गैरसमजाचं उत्तर तिथेच सापडतं. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी नॉर्वेतल्या सहकाऱ्यांसह २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात कारा समुद्रावरचा बर्फ कमी असला की उघड्या पाण्याची ऊब वातावरणात जाते, वरच्या थरांतल्या वाऱ्यांची लय बदलते आणि तो बदल लाटेसारखा युरोपवरून आशियाकडे सरकतो. त्याच सुमारास अरबी समुद्र उबदार असेल, तर मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीची शक्यता वाढते.

सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे सोयाबीनच्या शेंगा भरण्या-पिकण्याचा आणि कपाशीला बोंडं धरण्याचा महिना. तेव्हाच्या झडीने उभ्या शेंगांना कोंब फुटतात, बोंडं सडतात. अर्थात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद किंवा महागावात एखाद्या रात्री पडलेल्या पावसाचं खापर कारा समुद्रावर फोडता येणार नाही. अभ्यासकांनीही हा संबंध ‘संभाव्य’ म्हणूनच मांडला आहे. तो पुढे पक्का ठरला, तर उन्हाळ्यातला तिथला बर्फ पाहून आपल्या सप्टेंबरबद्दल काही आठवडे आधी थोडाफार अंदाज बांधता येईल.