विकणे आहे : जुनी एम.जी., पूर्ण 'रिस्टोअर' केलेली

तुकोगंजात जुने बंगले पडून फ्लॅट उभे राहतायत, हे काही नवं नाही. बंगला रिकामा होताना घंगाळं, झोपाळा, शिसवी कपाटं भावाभावांत वाटली जातात. मोटार मात्र वाटता येत नाही, मग ती विकायला निघते. माझ्या ओळखीच्या एका घरातली १९४७ सालची एम.जी. टीसी सध्या अशीच विकायला आहे. लाल रंगाची, दोन सीटची, कापडी टपाची. जाहिरातीत लिहिलंय, 'पूर्ण रिस्टोअर केलेली'. मंडळातल्या काही जणांनी मला विचारलं, की म्हणजे नक्की काय केलेली? तर हा लेख त्या एका शब्दाविषयी.

आपल्याकडे यासाठी दोन शब्द आहेत : कल्हई आणि जीर्णोद्धार. कल्हईने भांडं चकाकतं, पण बुडाला भोक असेल तर ते तसंच राहतं. जीर्णोद्धारात आधी पाया तपासतात, हे अहिल्याबाईंच्या इंदुरात वेगळं सांगायला नको. 'रिस्टोअर' हा शब्द दोन्हींना चालतो, आणि भाव मात्र नेहमी जीर्णोद्धाराचाच सांगितला जातो. खरी मेख इथे आहे.

एम.जी. म्हटलं की तुम्हाला गुजरातेत हालोलला बनणारी एसयूव्ही आठवेल. नाव तेच, पण मूळ 'मॉरिस गॅरेजेस' ऑक्सफर्डचं, आणि टीसी बनली जवळच्या अ‍ॅबिंग्डनला, १९४५ ते १९४९ या काळात. सुमारे १० हजार गाड्या. इंजिन १२५० सीसीचं, म्हणजे आजच्या छोट्या गाडीएवढंच. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते. दारांना काचा नाहीतच. पाऊस आला की बाजूचे पडदे लावायचे. (जुलैमध्ये पलासियाच्या चौकात हा उद्योग कोणी करून बघावा!)

गंमत पुढेच आहे. चासी पोलादी, पण तिच्यावरच्या बॉडीचा सांगाडा अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा, आणि त्यावर पत्रा ठोकलेला. म्हणजे या गाडीला मेकॅनिकइतकाच सुतार लागतो. लाकूड कुजलं, वाळवीने खाल्लं, तरी बाहेरचा रंग तुकतुकीत राहू शकतो. म्हणून रंगाकडे बघत बसू नये. दार अर्धवट उघडून खालून हळूच वर उचलावं. बिजागरीसकट खांबच हलला, तर समजावं की आत लाकूड गेलंय आणि वरून नुसती कल्हई झालीय. दुसरी युक्ती लोहचुंबकाची. मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवायचं. जिथे पुट्टीचा जाड थर असेल तिथे ते धरत नाही.

मग नंबर. टीसीचे चासी नंबर ०२५१ पासून सुरू होतात, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. ही इंग्रजी हौस मला फार आवडते! पण पितळी पट्टीवरचा नंबर वाचून थांबू नका. पट्टी बदलता येते. चासीवर ठोकलेला आकडा शोधायचा आणि आरसीशी ताडून बघायचा.

बॉडी एकाची आणि चासी दुसऱ्याची, यात दर वेळी लबाडीच असते असंही नाही. आपल्या यशवंतराव होळकरांची (दुसरे) १९३५ची ड्यूसेनबर्ग बघा ना. इंजिन-चासी अमेरिकन, उघडी बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली. ती गाडी पुढे अमेरिकेत गेली. तिचा मान कमी झाला नाही, कारण कोणी काय बांधलं हे सगळं उघड आहे. लपवलेली दुरुस्ती वाईट. सांगितलेली दुरुस्ती हा गाडीचा इतिहासच. म्हणून विकणाऱ्याकडे कामाच्या आधीचे फोटो आणि सुताराची बिलं जरूर मागावीत. मी तर इंजिनाचा आवाज त्यानंतरच ऐकेन.

आता कायदा. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात फारसा बदल न केलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये वेगळे नियम केले. नवी नोंदणी केली तर नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. तेव्हा हिच्यातून रोज कॉलेजला यायचा बेत कोणाचा असेल तर तो आत्ताच सोडावा. आणि व्यवहार झालाच, तर घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने, दोघांनीही ९० दिवसांच्या आत परिवहन खात्याला कळवायचं असतं.