एकादशीचे दर्शन, द्वादशीची सेवा

आज आषाढ शुद्ध एकादशी. आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर, पैठण, मुक्ताईनगर अशा ठिकठिकाणांहून निघालेल्या पालख्या पंढरीत विसावल्या आहेत. चंद्रभागेचे स्नान, नगरप्रदक्षिणा आणि विठुरायाचे दर्शन, एवढ्यासाठी लक्षावधी पावले कित्येक दिवस पाऊसपाण्यात चालत आली. ज्यांना गाभाऱ्यापर्यंत पोचणे साधत नाही, ते कळसाला हात जोडून तृप्त मनाने माघारी फिरतात. या भक्तीचे वर्णन आजवर पुष्कळ झाले आहे. आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ते एकादशीनंतर उगवणाऱ्या दिवसाकडे.

द्वादशीला उपवासाचे पारणे असते. मठामठांतून, धर्मशाळांतून, राहुट्यांतून पंगती उठतात आणि बाहेर उष्ट्या पत्रावळींचे ढीग साचतात. वाळवंटात कोमेजलेले हार, तुळशीच्या माळा, ओले कपडे, द्रोण आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या विखुरलेल्या असतात. वरून पाऊस असतो. पौर्णिमेस गोपाळपुरी काला होऊन पालख्या परतीच्या वाटेला लागतात. मागे राहिलेली घाण मात्र कोणाबरोबरही परतत नाही.

वारीला सेवेचे वावडे नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. वाटेवरच्या गावांतून वारकऱ्यांना पिठलेभाकरी मिळते, कोणी त्यांच्या पायांना तेल लावतो, कोणी तुटलेली पादत्राणे शिवून देतो, कोणी विनामूल्य दाढी करतो. अनोळखी माणसालाही ‘माउली’ म्हणून हाक मारली जाते. परंतु अन्नदानाला जितके हात पुढे होतात, तितके उष्टे उचलण्यास होत नाहीत. वाढणाऱ्याच्या वाट्याला पुण्य आणि काढणाऱ्याच्या वाट्याला दुर्गंधी, अशी ही वाटणी आमच्या समाजाने फार जुन्या काळी करून ठेवली आहे.

ही वाटणी मोडण्याचा प्रयत्न ज्यांनी आयुष्यभर केला, ते गाडगेमहाराज याच पंढरीचे वारकरी होत. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि हाती खराटा, हा त्यांचा वेष. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे आणि सायंकाळी कीर्तनात माणसांची मने झाडायची, हा त्यांचा क्रम. काम केल्यावाचून भाकरी घ्यायची नाही, हा त्यांचा दंडक. पंढरीस येऊनही देवळात जाण्याऐवजी बाबा वाळवंट झाडण्यात रमत, असे सांगितले जाते. त्यांनी येथे चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. १९५६ च्या डिसेंबरात बाबा गेले. पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियानही सुरू केले. नाव राहिले, खराटा मात्र अजून फार थोड्यांच्या हाती आला आहे.

तो ज्यांच्या हाती बारमाही असतो, त्यांचा विचार या पवित्र दिवशी करावयास नको काय? ज्या देवळाची दारे सर्वांना उघडावीत म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले, त्याच गावी यात्रेनंतरचा उघड्यावरचा मैला माणसांनी उचलावा, ही स्थिती पुढे दीर्घकाळ टिकली. १९९३ च्या आणि नंतर २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलविण्यास मनाई केली. पंढरीच्या या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही आली. यात्रेसाठी तात्पुरती शौचालये उभी राहू लागली, हे चांगलेच झाले. तथापि शौचालय उभारणे शासनाचे काम असले, तरी ते वापरणे आणि स्वच्छ सोडणे हे यात्रेकरूचेच काम आहे.

म्हणून आमची विनंती अशी की, ज्यांना शक्य आहे त्यांनी वारीतला एक दिवस सेवेस द्यावा. राष्ट्रीय सेवा योजनेचे अनेक विद्यार्थी वारीच्या वाटेवर असे काम करीत आले आहेत. गृहस्थांनी आणि गृहिणींनीही मागे का राहावे? पंढरीस जाणे जमत नसेल, तर आपल्या गावच्या विठ्ठलमंदिराचे आवार आहेच. मात्र काही पथ्ये पाळावीत. आपल्या मनाने कोठेही खराटा न फिरवता नगरपरिषदेच्या वा ग्रामपंचायतीच्या सफाई कामगारांना विचारावे. कोठे हात कमी पडतात आणि गाडी कोठवर येते, हे त्यांनाच ठाऊक असते. हातमोजे आणि गमबूट घालावेत, आणि तेच साहित्य शेजारच्या कामगाराजवळ आहे की नाही हेही पाहावे. नसल्यास त्याची मागणी त्याच्या वतीने आपण करावी. पानाच्या पत्रावळी आणि निर्माल्य वेगळे ठेवावे, त्याचे उत्तम खत होते. प्लॅस्टिक आणि कापड निराळ्या पोत्यांत भरावे. वाकवत नसेल अशा वडीलधाऱ्यांनी पंगतीच्या कडेला उभे राहून पत्रावळ पिंपातच टाका, एवढे सांगितले तरी ती मोठीच सेवा होय. फराळाचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या नेऊन नवा कचरा करू नये, हे सांगावयास नकोच.

एका दिवसाच्या श्रमाने पंढरी निर्मळ होईल, असा आमचा भाबडा समज नाही. परंतु ज्याने एकदा दुसऱ्याची उष्टी पत्रावळ उचलली, तो आपली पत्रावळ रस्त्यावर टाकताना थबकतो. आणि कामगाराच्या शेजारी तासभर वाकलेला माणूस त्याच्या वेतनाचा, आजाराचा, मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न निघाला असता मान फिरवू शकत नाही.

आज मनोभावे दर्शन घ्यावे. उद्या पारणे सोडून उठताना पान मात्र स्वतःच उचलावे, आणि शेजारी राहिलेले आणखी एक.