लालबागेतल्या कातळाचं वय

बंगळुरूच्या लालबागेत गेलेला पाहुणा काचघर बघतो, पुष्पप्रदर्शन चालू असेल तर गर्दीत फोटो काढतो आणि केम्पेगौडांच्या बुरुजापर्यंत चढून परत फिरतो. चढताना पायाखाली जो उघडा कातळ असतो, त्याच्याकडे फारसं कुणी वाकून बघत नाही. बघितलं तर त्यात फिकट आणि काळपट पट्टे वळसे घेत गेलेले दिसतात. हा पट्टिताश्म. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. त्याचं वय साधारण ३०० कोटी वर्षं मानलं जातं. आपल्या सह्याद्रीचा काळा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे याच्यापुढे कालचं पोर.

खडकावर तारीख कोरलेली नसते. मग हे वय कळतं कसं? समस्थानिकांमुळे, म्हणजेच आयसोटोपमुळे.

आयसोटोप म्हटलं की अणुभट्टीतलं काहीतरी घातक, आणि बाकीचे सगळे अणू साधे, असं अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण ‘साधा अणू’ अशी वेगळी जातच नाही. प्रत्येक अणू कुठल्या ना कुठल्या मूलद्रव्याचा समस्थानिक असतोच. त्यांतले काही किरणोत्सारी असतात, काही अगदी स्थिर. केंद्रकात प्रोटॉन किती, यावरून मूलद्रव्य ठरतं. ९२ असले की ते युरेनियमच. न्यूट्रॉन मात्र कमी-जास्त असू शकतात. १४६ असले तर युरेनियम-२३८, १४३ असले तर युरेनियम-२३५. रासायनिक गुणधर्म इलेक्ट्रॉनांवर ठरतात आणि त्यांची संख्या प्रोटॉनांइतकीच असते. त्यामुळे रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे दोघे जवळपास सारखेच.

कातळाचं वय काढताना नेमकं हेच उपयोगी पडतं. अशा खडकांत झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण असतात. कित्येक जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे. शिलारस थंड होताना झिरकॉनचा स्फटिक बनतो, तेव्हा झिर्कोनियमच्या काही जागांवर युरेनियम शिरतं. आकार आणि विद्युतभार या दोन्ही बाबतींत ते तिथे खपून जातं. शिशाला मात्र त्या रचनेत जागा नाही, ते बाहेरच राहतं. म्हणून पुढे कणात शिसं सापडलं, तर ते जवळपास सगळं आतल्या युरेनियमच्या ऱ्हासातूनच आलेलं असतं.

स्फटिकाने २३८ आणि २३५ असा दुजाभाव केलेला नसतो. पण आत बंद झाल्यावर दोघांची चाल निराळी. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात आणि त्याचं अखेर शिसं-२०६ होतं. युरेनियम-२३५ ला ७० कोटीच पुरतात. त्याचं शिसं-२०७ होतं. ३०० कोटी वर्षांचा हिशेब मांडून पाहा. २३८ च्या शंभरातले साधारण ६३ अणू शिल्लक राहतात, २३५ चे जेमतेम पाच. एकाच कणात ही दोन घड्याळं, एक संथ आणि एक घाईचं. दोन्ही एकच वेळ दाखवत असतील तर वयावर भरवसा ठेवायचा. नसतील, तर मधल्या काळात खडक तापला आणि शिसं निसटलं, असा संशय घ्यायचा. या पद्धतीवर माझा विश्वास बसतो तो यामुळेच; गडबड झालेली असेल तर ती बहुधा आकड्यांतच उघडी पडते.

मोजणी होते मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये. अणूंना विद्युतभार देऊन चुंबकीय क्षेत्रातून सोडतात. हलके जास्त वळतात, जड कमी. शिशाचे दोन्ही प्रकार तिथे वेगळे होतात.

आता ३०० कोटी हा एकच आकडा सगळ्या पट्टिताश्माला लावून चालणार नाही. दक्षिणेतला हा खडक एका दमात घडलेला नाही. ठिकठिकाणी त्याची वयं साधारण ३४० कोटींपासून २५० कोटींपर्यंत येतात. कधीकधी तर झिरकॉनच्या एकाच कणाचा गाभा जुना निघतो आणि कडा बऱ्याच नंतरची.

युरेनियमसारख्या जड अणूत तीन न्यूट्रॉनांनी वजनात फारसं बिघडत नाही. हलक्या मूलद्रव्यांत मात्र फरक जाणवतो. ऑक्सिजनच्या साधारण पाचशे अणूंत एक ऑक्सिजन-१८ असतो, बहुतेक सगळे बाकीचे ऑक्सिजन-१६. दोन्ही स्थिर, किरणोत्साराचा प्रश्नच नाही. पण जड ऑक्सिजनचं पाणी किंचित सावकाश उडतं आणि ढगातून आधी गळतं. अरबी समुद्रावरून आलेली वाफ सह्याद्रीवर बरसताना जड पाणी आधी टाकत जाते, आणि घाट ओलांडून पुढे जाणारी वाफ हलकी होते. बंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी शहरावर पडणाऱ्या मोसमी पावसाकडे या अंगाने पाहिलं. नुसता समुद्रावरच्या आणि घाटातल्या पावसाचा हिशेब पुरला नाही. वाटेत जमिनीवरून पुन्हा उडालेली वाफही त्यात धरावी लागली.