राबाचा धूर आणि गांडुळांचा वाफा

मोखाडा तालुक्यातल्या खोडाळा परिसरात पावसाळ्यापूर्वी उतारांवर राब भाजतात. ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं आणि त्या जागी नागली-वरईची रोपं करायची. भाजणीने तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं. म्हणून या पद्धतीला अडाणी म्हणणं अन्यायाचं आहे. पण पाल्यातला बहुतेक नत्र आणि कर्ब धुरात जातो. उरलेली राखही पहिल्या मोठ्या सरीने उतारावरून वाहते.

राबाला लागतो त्याहून जास्तीचा पाला गांडुळांना द्यावा. गांडुळाला दात नसतात. त्याच्या पोटातली स्नायूंची पेषणी मातीच्या कणांच्या मदतीने अन्न जात्यासारखं दळते. पुढे आतड्यातले जिवाणू ते कुजवतात. बाहेर पडणाऱ्या विष्ठेत नत्र, स्फुरद पिकाला सहज घेता येईल अशा रूपात असतात. डार्विनने १८८१ साली गांडुळांवर आख्खं पुस्तक लिहिलं, ते उगाच नाही.

खतासाठी मात्र शेतातलं खोल बिळं करणारं गांडूळ चालत नाही. पृष्ठभागावर राहणारी आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी ही जात लागते. ताजं शेण घालू नका. त्याच्या उष्णतेने गांडुळं मरतात. ती कातडीने श्वास घेतात, म्हणून वाफा ओलसर हवा, तुंबलेला नको. इथल्या पावसात उंच ओटा आणि वर छप्पर हवंच. मुंग्या, कोंबड्यांपासूनही राखण करा. साधारण दोन महिन्यांत खत तयार होतं. दिवाळीनंतर वाफा लावलात, तर पेरणीआधी दोनदा खत निघेल.