छतावरचा ओला डाग: पाणी नक्की येतंय कुठून?

पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून आजचा विषय घरचाच. छताला पिवळट डाग पडतो, पोपडे निघायला लागतात. आपण वर जातो, बेल वाजवतो आणि दारातच सांगून टाकतो, "काकू, तुमच्या बाथरूममधून आमच्याकडे गळतंय." काकू म्हणतात, "अहो, आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. आणि मग जिन्यात भेटल्यावरही बोलणं बंद!

तेव्हा टाइल्स फोडण्याआधी आणि रंगाऱ्याला बोलावण्याआधी मूळ कसं शोधायचं, ते बघू.

पहिली गोष्ट, डागाच्या बरोबर वरच गळती असेल असं धरून चालू नका. पाणी उताराच्या दिशेने सरकतं आणि सोपी वाट मिळेल तिथून खाली येतं. वायरिंगचे पाइप स्लॅबमध्येच टाकलेले असतात. त्यात पाणी शिरलं की ते लांबून येऊन थेट पंख्याच्या हुकापाशी बाहेर पडतं. असा डाग दिसला तर आधी त्या खोलीचा एमसीबी बंद करा, बाकीचं नंतर.

मग कळणार कसं? माझ्या मते जागेपेक्षा वेळ जास्त सांगते. पेन्सिलने डागाच्या कडेने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, मोबाइलवर फोटो काढा. दर दोन-तीन दिवसांनी हेच करा. डाग फक्त पावसाळ्यात वाढतो का? तर गच्ची, बाहेरच्या भिंतीची भेग, खिडकीवरचा छज्जा किंवा पावसाच्या पाण्याचा पाइप बघा. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असेल तर तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पाऊस थांबल्यावरही बरेच दिवस ठिबकत राहतं. "आता तर ऊन आहे, म्हणजे पावसाचं नाही," हा निष्कर्ष इथेच चुकतो.

बारा महिने ओल असेल तर मामला पाइपांचा किंवा बाथरूमचा. त्यातही दोन प्रकार. भिंतीतल्या कन्सील्ड पाइपमध्ये सतत दाब असतो, त्यामुळे तो कोणी नळ उघडो न उघडो, गळतच राहतो. सांडपाण्याचा पाइप, न्हाणी ट्रॅप किंवा टाइल्सच्या फटी मात्र वापर असेल तेव्हाच पाणी सोडतात. मे महिन्यात वरची मंडळी गावाला जातात ना, ती उत्तम संधी. ते नसताना आणि त्यांचा व्हॉल्व्ह उघडा असतानाही डाग वाढतोय? मग संशय कन्सील्ड पाइपवर किंवा डक्टमधल्या सामायिक पाइपवर. हळूहळू सुकत गेला, तर वापराच्या पाण्यावर.

हळूहळू म्हणतोय, कारण बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब थोडा खाली घेतलेला असतो आणि वरची पोकळी भरावाने भरलेली असते. तो भराव टबासारखा भरतो. वरून पाणी बंद झालं तरी खाली पाझर चालू राहतो. म्हणून एका रात्रीत निकाल लावू नका.

आता चाचणी. वरच्यांच्या परवानगीने न्हाणी ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करायचं, बाथरूमच्या फरशीवर इंचभर पाणी साठवायचं, त्यात खाण्याचा रंग घालायचा आणि २४ ते ४८ तास ठेवायचं. खाली ओल वाढली तर फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. नाही वाढली, तर ट्रॅप उघडून तेच पाणी सोडायचं आणि पुन्हा बघायचं. आता ओलं झालं, तर दोष ट्रॅप किंवा सांडपाण्याच्या पाइपचा. खाली रंग दिसला तर प्रश्नच मिटला. नाही दिसला तरी फरशी निर्दोष ठरत नाही, भरावातून गाळून येताना रंग उतरू शकतो.

हे नीट शोधायचं कारण पैशांचंही आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, तर फ्लॅटच्या आतली, संडास-बाथरूमची गळती त्या सभासदाने. सेक्रेटरींकडे जाताना तारखांचे फोटो सोबत असले की चर्चा लवकर संपते.

एक मात्र टाळू नका. डागात तांबूस गंजाच्या रेघा दिसल्या किंवा छत ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर खाली झोपू नका आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. आतली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटचे तुकडे पडतात. नुसती पांढरी पावडर मात्र क्षारांची असते. पाणी पाझरतंय एवढाच तिचा अर्थ.

दुरुस्ती झाल्यावरही स्लॅब सुकायला काही आठवडे द्या. तोपर्यंत रंग नको, पेन्सिलची शेवटची रेघ तशीच राहू द्या. ओल तिच्या बाहेर गेली, तर पाणी अजून दुसरीकडूनही येतंय.