जिनसेंग घेऊ का, डॉक्टर?

गेल्या पावसाळ्यात बावन्न वर्षांच्या एक बाई आमच्या ओपीडीत नेहमीच्या तपासणीसाठी आल्या. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती. दहा वर्षांपूर्वी ती बदलून धातूची बसवली आणि तेव्हापासून गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिनची गोळी रोज सुरू आहे. त्यांचा आयएनआर एरवी तीनच्या आसपास असतो, तो १.६ आला. झडपेवर गुठळी धरायला एवढं पुरतं. गोळी चुकली का? नाही. नवीन औषध? नाही. बऱ्याच वेळाने सुनेला आठवलं, की जहाजावर नोकरीला असलेल्या भाच्याने कोरियाहून लाल जिनसेंगचा डबा आणलाय. बाई म्हणाल्या, "ते औषध थोडंच आहे? मुळी आहे ती."

नवी मुंबईत घरटी कोणी ना कोणी परदेशी असतो, त्यामुळे असे डबे येत राहतात. शिवाय आपल्याकडच्या 'ताकदीच्या' कॅप्सूलमध्येही जिनसेंग असतं, बारीक अक्षरात लिहिलेलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना वॉरफरिनसोबत अमेरिकन जिनसेंग दिलं, तेव्हा वॉरफरिनचा परिणाम कमी झाला होता. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत घेतल्यास साखर जास्त उतरू शकते.

बायका ते घेतात मुख्यतः पाळी जाण्याच्या वयात. अंगातून गरम वाफा येतात, झोप लागत नाही, जीव थकतो. वाफा जिनसेंगने थांबतात याचा भक्कम पुरावा नाही; थकवा थोडा कमी झाल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, इतकंच. मला विचाराल तर थकलेल्या बाईने डबा उघडण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासावं. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

चिनी औषधांवर माझा राग नाही. मलेरियाच्या रुग्णांना आम्ही देतो ते आर्टेसुनेट चिनी वनस्पतीतूनच आलेलं आहे. त्यामागच्या मूळ शोधासाठी तू योयो या शास्त्रज्ञ बाईंना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. पण तिथे नेमका घटक वेगळा काढला, मात्रा ठरवली, माणसांवर तपासलं. उलट बाजूला ब्रसेल्सची गोष्ट आहे. १९९० च्या सुमारास तिथल्या एका क्लिनिकमध्ये वजन उतरवायला गेलेल्या बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. नावातल्या साधर्म्यामुळे एका वनस्पतीऐवजी दुसरीच, ॲरिस्टोलोकिया, त्यांत गेली. शंभराच्या वर बायकांची मूत्रपिंडं बिघडली, अनेकींची कायमची निकामी झाली आणि काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.

हे परक्या मुलखातच होतं असं नाही. कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचे काढे उकळत होते, तेव्हा २०२० च्या अखेरीस मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झालेली आढळली. आयुष मंत्रालयाने त्यांचा निष्कर्ष नाकारला. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी, असंही सुचवलं. वाद असो. घेणाऱ्याला दोन वेली ओळखता येत नाहीत, माझ्या दृष्टीने मुद्दा तोच.

अश्वगंधेला 'भारतीय जिनसेंग' म्हणतात, पण ती वांग्याच्या कुळातली, जिनसेंगशी नातं नाही. थायरॉईड वाढलेल्यांनी ती टाळावी. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना जिनसेंगही नको, अश्वगंधाही नको. शस्त्रक्रिया ठरली असेल तर निदान दोन आठवडे आधी बंद करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. बाकी धडधाकट बाईने, कुठलंही औषध सुरू नसताना, खात्रीचं जिनसेंग महिनाभर घेतलं तर मी हरकत घेत नाही. फायद्याची हमी मात्र देणार नाही.

त्या बाईंना डबा बंद करायला सांगितला, वॉरफरिनची मात्रा जपून बदलली आणि दर चार दिवसांनी रक्त तपासलं. तिसऱ्या खेपेला आयएनआर २.८ आला. त्या वेळी त्या पिशवीत कपाटातल्या आणखी दोन बाटल्या घेऊन आल्या होत्या. एकीवर लेबलच नव्हतं.